संशोधनपर लेखनातील साधनांचे संश्लेषण : स्वरूप, निकष आणि पद्धती

गोषवारा

संशोधनपर लेखनात अनेक साधनांचा एकत्रित विचार करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ प्रबंधांतून व शोधनिबंधांतून हा विचार ‘अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे’ अशा क्रमवार नोंदींपुरता मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात संकलन आणि संश्लेषण यांतील भेद स्पष्ट केला असून, साधनांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचे परस्परसंबंध तपासणे हा संश्लेषणाचा गाभा आहे, असे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संपादनपद्धती आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयीची चर्चा ही दोन उदाहरणे विस्ताराने घेतली आहेत. वैद्यक व सामाजिक शास्त्रे यांतील उदाहरणांची त्यांना जोड दिली आहे. अखेरीस संशोधक व मार्गदर्शक यांना उपयोगी पडेल अशी कार्यपद्धती मांडली आहे.

बीजशब्द : संश्लेषण, संकलन, साधनचिकित्सा, पूर्वसंशोधनाचा आढावा, स्वतंत्र साधन, पाठभेद.

१. प्रस्तावना

पीएच. डी.च्या प्रबंधात आरंभीचे एक प्रकरण पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे असते. मार्गदर्शक किंवा परीक्षक म्हणून असे प्रबंध वाचणाऱ्या प्राध्यापकांना या प्रकरणाची नेहमीची रचना परिचित आहे. एका परिच्छेदात एक ग्रंथ, पुढील परिच्छेदात दुसरा ग्रंथ. प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी लेखकाचे नाव व प्रकाशनवर्ष, मध्ये त्याच्या विवेचनाचा सारांश आणि शेवटी संदर्भ. अशा चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की प्रकरण पूर्ण होते. या नोंदींचा क्रम बदलला किंवा त्यांतील दहा वगळल्या, तरी पुढील प्रकरणांवर कोणताही परिणाम होत नाही. ज्या प्रकरणाचे घटक असे सहज हलविता येतात, त्या प्रकरणात युक्तिवाद नसतो, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

हा दोष केवळ शैलीचा मानणे योग्य ठरणार नाही. एखाद्या विषयात काय सिद्ध झाले आहे, कशाबद्दल मतभेद आहेत आणि काय अद्याप तपासलेलेच नाही, हे आढाव्यातून ठरावयाचे असते. ते ठरले नाही, तर ‘या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही’ हे प्रबंधांत वारंवार येणारे विधान निराधार राहते. याहून गंभीर बाब अशी की, एकच चूक अनेक लेखकांनी एकमेकांकडून उचललेली असेल, तर क्रमवार नोंदींची पद्धती त्या चुकीला एकमताचे रूप देते. असे एकमत प्रबंधातून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून वर्गात पोहोचते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करण्यासंबंधीचे विनियम जारी केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही; त्यापुढील साम्यासाठी १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे स्तर ठरविलेले आहेत. या विनियमांमुळे साम्य तपासणारी संगणक-प्रणाली बहुतेक विद्यापीठांत परिचित झाली. तथापि ही प्रणाली शब्दांचे साम्य मोजते. पन्नास ग्रंथांचे सारांश स्वतःच्या शब्दांत लिहून एकाखाली एक ठेवले, तर ते प्रकरण या कसोटीस उतरेल. परंतु त्यात संशोधकाचा स्वतःचा एकही निर्णय नसेल. साम्याची टक्केवारी आणि विचाराचा स्वतंत्रपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट तपासण्याचे काम मार्गदर्शकालाच करावे लागते आणि त्यासाठी त्याच्याजवळ निश्चित निकष असणे आवश्यक आहे.

२. संकलन आणि संश्लेषण : संकल्पनांची स्पष्टता

संकलन म्हणजे विषयाशी संबंधित साहित्य एकत्र करून त्याची नोंद करणे. सूची, कोश, सटीप ग्रंथसूची ही संकलनाची उत्तम रूपे होत आणि त्यांचे मूल्य वादातीत आहे. संश्लेषण ही त्यापुढील पायरी होय. एका निश्चित प्रश्नाच्या संदर्भात साधनांची परस्परांशी तुलना करून, त्यांच्या बलाबलाचा विचार करून, त्यांतून निष्पन्न होणारे विधान संशोधकाने स्वतःच्या जबाबदारीवर करणे, असे संश्लेषणाचे स्वरूप सांगता येईल. संकलनाचा घटक ‘ग्रंथ’ असतो. संश्लेषणाचा घटक ‘प्रश्न’ असतो.

या व्याख्येतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रश्न ठरल्याशिवाय संश्लेषण संभवत नाही. दुसरी, साधनांमधील नाते कळल्याशिवाय त्यांचे बलाबल ठरविता येत नाही. तिसरी, निर्णय संशोधकाचा असल्यामुळे तो निर्णय कसा झाला, हे वाचकाला पडताळता आले पाहिजे. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टींकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यांचे स्पष्टीकरण करण्यासाठी पुण्यातच सिद्ध झालेल्या एका मोठ्या विद्याप्रकल्पाचे उदाहरण उपयुक्त ठरेल.

३. महाभारताची चिकित्सक आवृत्ती : संश्लेषणाचा आदर्श

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ साली हाती घेतले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक झाले. त्यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी संपादनाची तत्त्वे विशद केली. सुकथनकरांच्या निधनानंतर डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी हे कार्य पुढे नेले व १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. संपूर्ण प्रकल्पात १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला.

संपादकांपुढील प्रश्न कोणत्याही संशोधकापुढील प्रश्नासारखाच होता. साधने विपुल, त्यांच्यात शब्दाशब्दाला भेद आणि वाचकाला हवी एक संहिता. अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग मोजणीचा असतो; म्हणजे अधिक पोथ्यांत जो पाठ आढळेल, तो ग्राह्य धरावयाचा. सुकथनकरांनी हा मार्ग स्वीकारला नाही. देवनागरी लिपीतील पोथ्या संख्येने मोठ्या होत्या, परंतु त्यांच्यात निरनिराळ्या परंपरांची सरमिसळ झालेली होती. देवनागरी सर्वत्र परिचित असल्यामुळे त्या लिपीत कोणत्याही प्रांतातील पाठ सहज उतरत असे. याउलट काश्मीरमधील शारदा लिपीची परंपरा आणि दक्षिणेतील तेलुगू, ग्रंथ व मल्याळम लिप्यांची परंपरा यांच्यामध्ये भौगोलिक अंतर मोठे होते आणि परस्परांतील देवाणघेवाणीची शक्यता कमी होती. म्हणून या दोन दूरस्थ परंपरा जेथे एकाच पाठाला पुष्टी देतात, तेथे तो पाठ दोघींच्याही पूर्वीचा असण्याची शक्यता अधिक, असे तत्त्व त्यांनी मान्य केले.

या तत्त्वाचा आशय पाठचिकित्सेपुरता मर्यादित नाही. एका पोथीवरून पन्नास नकला झाल्या, तर साधने पन्नास होत नाहीत. साक्ष एकच राहते. परस्परांना अपरिचित अशा दोन साक्षीदारांचे एकमत हे एकाच घरातील पन्नास जणांच्या एकमतापेक्षा अधिक वजनदार असते. संशोधनपर लेखनात ज्याला आपण ‘अनेक संदर्भांचा आधार’ म्हणतो, त्याची पहिली कसोटी हीच आहे.

चिकित्सक आवृत्तीच्या पानाची रचनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पानाच्या वरच्या भागात निश्चित केलेली संहिता. तळाशी, कोणत्या पोथीत कोणता पाठभेद आहे त्याची नोंद. आणि तळटीपेत न मावणारे दीर्घ प्रक्षिप्त भाग परिशिष्टात. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहून घ्यावे ही सर्वपरिचित कथा आदिपर्वाच्या संहितेत नाही, कारण ती सर्व परंपरांत आढळत नाही; परंतु ती नाहीशीही केलेली नाही, परिशिष्टात तिची नोंद आहे. म्हणजे जे स्वीकारले नाही, तेही वाचकासमोर ठेवलेले आहे. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला त्याच पानावरील सामग्रीच्या आधारे वेगळा निर्णय करता येतो.

आणखी एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या पाठाविषयी संपादकाची पूर्ण खात्री नाही, त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा दिलेली असते. निर्णय घ्यावा लागला, पण तो निःसंशय नाही, हे सांगण्याची ही सोय होय. सिद्ध झालेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता आहे, असा दावाही सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तेवढे प्राचीन रूप, एवढाच त्यांचा दावा होता.

तुलनेसाठी सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांचे कार्य पाहता येईल. मूळचे गोदातीरावरील कोपरगावचे व काशीस राहून लेखन करणारे नीलकंठ यांनी निरनिराळ्या प्रांतांतील अनेक पोथ्या जमवून त्यांतील उत्तम पाठ निवडल्याचे आपल्या टीकेच्या आरंभी सांगितले आहे. त्यांचा व्यासंग असामान्य होता आणि काही ठिकाणी ते पाठभेदांची नोंदही करतात. तथापि स्वीकारलेला प्रत्येक पाठ कोणत्या पोथीतून व कोणत्या कारणाने घेतला, हे वाचकाला सर्वत्र कळत नाही. त्यांच्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. आजच्या संशोधकाकडून मात्र ती आहे. अनेक साधनांतील उत्तम भाग निवडून एकसंध व प्रवाही मजकूर तयार करणे म्हणजे मिश्रण. निवडीची कारणे व न निवडलेल्या पर्यायांची नोंद यांसह निर्णय मांडणे म्हणजे संश्लेषण.

४. शिवजन्मतिथीची चर्चा : साधनांचे परस्परसंबंध

दुसरे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातील आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मासंबंधी दोन शक दीर्घकाळ चर्चेत होते : शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, आणि शके १५५१, म्हणजे इ. स. १६३०. पहिल्या शकाला उत्तरकालीन बखरींचा आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लिहिल्या गेलेल्या मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी तिथी आहे. बखरींच्या सामग्रीचा उपयोग करणाऱ्या ग्रँट डफ यांनीही १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात १६२७ हेच वर्ष दिले. पुढील अनेक पुस्तकांनी ते स्वीकारले. केवळ संख्येचा विचार केला, तर शके १५४९ चा पक्ष बलवान ठरला असता.

१९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. मावळातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. पुढे तंजावर येथे उपलब्ध झालेले, महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ साली संपादित करून प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच आढळते. जोधपूर येथील एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात सापडलेली कुंडलीही याच तिथीस पुष्टी देते. या तिथीशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्या काळच्या युरोपीय जुन्या कालगणनेनुसार आहे व त्या दिवशी शुक्रवारच येतो. महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारलेली आहे.

या चर्चेतून पद्धतीच्या दृष्टीने चार गोष्टी शिकता येतात. पहिली, वंशावळ. डफ आणि बखरी ही नावे वेगवेगळी असली, तरी त्यांना पूर्णतः स्वतंत्र साक्षी मानता येत नाही, कारण डफ यांच्या ग्रंथामागे बखरींची परंपरा उभी आहे. दुसरी, स्वातंत्र्य. मावळातील देशमुखांची शकावली, दरबारी कवीचे संस्कृत काव्य आणि राजस्थानातील कुंडली यांची स्थळे, भाषा व हेतू भिन्न आहेत. त्यांनी एकमेकांवरून नक्कल केली असण्याचा संभव अल्प आहे. तिसरी, अंतर्गत सुसंगती. शके १५४९ सांगणाऱ्या साधनांचे तिथी व वार यांबाबत आपापसांत एकमत नाही. शकावलीतील तिथी आणि वार मात्र गणिताने जुळतात. चौथी, शोधाचा क्रम. शकावली प्रसिद्ध झाल्यानंतर काव्याचा पुरावा पुढे आला आणि त्याने तीच तिथी दिली. आधी मांडलेल्या मताची नंतर मिळालेल्या साधनाने झालेली ही पडताळणी होय.

याचा अर्थ समकालीन साधन नेहमी निर्दोष असते, असा नव्हे. जेधे शकावलीची उपलब्ध प्रत ही नक्कल आहे, ‘शिवभारत’ हे स्तुतिपर काव्य आहे. त्यांच्या प्रत्येक विधानाला सारखे वजन देता येणार नाही. काव्यातील युद्धवर्णनात अतिशयोक्ती असू शकते. जन्मतिथी बदलण्याचे कारण मात्र कवीला नव्हते. एकच साधन एका प्रश्नासाठी भक्कम व दुसऱ्या प्रश्नासाठी दुबळे असू शकते. म्हणूनच बलाबलाचा विचार ग्रंथागणिक न करता विधानागणिक करावा लागतो.

५. अन्य ज्ञानशाखांतील अनुभव

स्वतंत्र साक्षीचे तत्त्व मानव्यविद्यांपुरते आहे, असा समज होऊ नये. संख्यात्मक निष्कर्षांच्या एकत्रीकरणाचा एक आरंभीचा प्रयत्न कार्ल पिअर्सन यांनी १९०४ साली केला. विषमज्वराच्या लशीसंबंधी ब्रिटिश सैन्याच्या निरनिराळ्या तुकड्यांतील आकडेवारी त्यांनी एकत्र तपासली. त्यात भारत व दक्षिण आफ्रिका येथील सैन्याचा समावेश होता. सरासरी काढून न थांबता, निरनिराळ्या गटांतील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९७६ साली जीन ग्लास यांनी अशा एकत्रीकरणास ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव दिले आणि आज वैद्यकात ही पद्धती प्रस्थापित झाली आहे.

या पद्धतीतही नकलांचा प्रश्न कसा उद्भवतो, हे १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसून आले. शस्त्रक्रियेनंतरची उलटी रोखणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाविषयीच्या चाचण्या तपासताना, तेच रुग्ण व तीच आकडेवारी निरनिराळ्या निबंधांतून पुन्हा प्रसिद्ध झाल्याचे मार्टिन ट्रॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. प्रसिद्ध चाचण्यांच्या अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णविषयक माहितीपैकी २८ टक्के भाग असा पुनरुक्त होता. ही पुनरुक्ती न ओळखता एकत्रीकरण केले असता औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी अधिक दिसत होती. पोथीच्या नकला स्वतंत्र साक्षी म्हणून मोजल्यास जे घडेल, तेच येथे रुग्णांच्या आकडेवारीबाबत घडले.

६. साधनांमधील मतभेदांचे प्रकार

साधने परस्परविरोधी दिसली की ‘याबाबत विद्वानांत मतभेद आहेत’ असे लिहून पुढे जाण्याची प्रथा आहे. मतभेद कोणत्या प्रकारचा आहे, हे सांगितल्याशिवाय या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

(अ) व्याख्याभेद : साक्षरतेचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरता-दर ८२.३ टक्के आहे. तो सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचा असून, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणे हा त्याचा निकष आहे. त्यासाठी प्रत्यक्ष परीक्षा घेतली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुख्यतः १५ ते ४९ या वयोगटाचा विचार होतो आणि कमी शिकलेल्या व्यक्तींना एक वाक्य वाचावयास दिले जाते. या दोन ठिकाणचे आकडे भिन्न आले, तर त्यांत विरोध नसतो. प्रश्नच भिन्न असतात.

(आ) स्थलकालभेद : कोकणातील एका तालुक्यातील निष्कर्ष मराठवाड्यातील निष्कर्षाशी जुळत नसेल, तर दोन्ही खरे असू शकतात. अशा वेळी भेदाचे कारण शोधणे हाच संशोधनाचा विषय ठरतो.

(इ) पद्धतिभेद : प्रश्नावली, मुलाखत व अभिलेख यांतून मिळणारी माहिती एकाच घटनेच्या निरनिराळ्या बाजू दाखविते. पद्धती सांगितल्याशिवाय निष्कर्षांची तुलना करणे अयोग्य होय.

(ई) वास्तविक विरोध : व्याख्या, स्थळ, काळ आणि पद्धती समान असूनही उत्तरे भिन्न येत असतील, तर तो खरा विरोध. शके १५४९ व शके १५५१ ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत. येथे निर्णय करावा, अथवा निर्णय का करता येत नाही हे सांगावे. दोहोंचा मध्य काढणे मात्र सर्वथा अयोग्य; शके १५५० असे कोणतेही साधन सांगत नसताना ते वर्ष समन्वय म्हणून सुचविणे हास्यास्पद ठरेल. अन्य विषयांत मात्र अशी मध्यममार्गी विधाने आपण पुष्कळदा सहजपणे करतो.

७. लेखनाची कार्यपद्धती

वरील निकष प्रत्यक्ष लेखनात उतरविण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम, मुख्य प्रश्नाची चार-पाच उपप्रश्नांत विभागणी करावी. त्यानंतर एक कोष्टक तयार करावे. आडव्या ओळींत साधने आणि उभ्या रकान्यांत उपप्रश्न घ्यावेत. प्रत्येक चौकटीत साधनाचे म्हणणे थोडक्यात, पृष्ठक्रमांकासह लिहावे. यांखेरीज तीन रकाने आवर्जून ठेवावेत : हे साधन कोणत्या मूळ आधारावर उभे आहे, ते अन्य कोणत्या साधनावरून घेतले आहे, आणि त्याची मर्यादा कोणती. कोष्टक आडवे वाचले की एका ग्रंथाचा सारांश मिळतो. उभे वाचले की एका प्रश्नावरील सर्व साधनांची स्थिती दिसते. आढाव्याचे परिच्छेद उभ्या वाचनातून लिहावयाचे असतात. रिकाम्या राहिलेल्या चौकटी ही देखील माहितीच होय. संशोधनातील उणीव कोठे आहे, ते त्या दाखवितात.

यानंतर परिच्छेदाची रचना. पुढील नमुना पाहावा : “चिटणीस यांनी जन्म शके १५४९ मध्ये झाल्याचे म्हटले आहे. ग्रँट डफ यांनी १६२७ हे वर्ष दिले आहे. जेधे शकावलीत शके १५५१ असे म्हटले आहे. परमानंदांनीही शके १५५१ असे म्हटले आहे.” यातील एकही वाक्य चुकीचे नाही, तरीही वाचकाला काहीच कळत नाही. हीच सामग्री पुढीलप्रमाणे मांडता येईल : “शके १५५१ ही नोंद अधिक ग्राह्य वाटते. जेधे शकावली व ‘शिवभारत’ या भिन्न प्रांतांत जतन झालेल्या, भिन्न स्वरूपाच्या साधनांत ती स्वतंत्रपणे आढळते आणि शकावलीतील वार गणिताशी जुळतो. शके १५४९ ला आधार देणारी चिटणीस बखर सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतरची आहे; डफ यांचे विधान त्याच परंपरेतील असल्याने त्यास वेगळी साक्ष मानता येत नाही.” दुसऱ्या नमुन्यात आरंभी संशोधकाचे विधान आहे, साधने त्या विधानाच्या सेवेत आली आहेत आणि विरोधी पुराव्याची वासलात न लावता त्याचे स्थान सांगितले आहे.

क्रियापदांच्या निवडीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. आपल्या शोधनिबंधांत ‘म्हणतात’ या एकाच क्रियापदावर सर्व भार पडतो. नोंदवितात, सुचवितात, गृहीत धरतात, सिद्ध करतात, खंडन करतात, अनुमान काढतात या क्रियापदांनी साधनाच्या विधानाचे बळ नेमके सांगता येते. एखाद्याने जे केवळ सुचविले आहे, ते त्याने ‘सिद्ध केले’ असे लिहिणे ही माहितीतील चूकच होय. निश्चितीच्या पायऱ्या सांगण्यास मराठी क्रियापदव्यवस्था समर्थ आहे. ‘आहे’, ‘असावे’, ‘असू शकेल’, ‘असे दिसते’ या रूपांतील अंतर कोणत्याही मराठी वाचकाला जाणवते. चिकित्सक आवृत्तीतील नागमोडी रेषेचे काम गद्यात ‘असावे’ हे रूप करते. ते केवळ सौजन्यासाठी न वापरता विचारपूर्वक वापरावे.

संदर्भ कोठे द्यावा, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. दहा वाक्यांच्या परिच्छेदाच्या अखेरीस एकच संदर्भ दिला, तर त्यांतील कोणती वाक्ये उसनी व कोणती संशोधकाची, हे कळत नाही. उसना विचार कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे वाक्यरचनेतूनच स्पष्ट व्हावे. तसेच मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातील अवतरण घेतले असेल, तर तसे नमूद करावे. दुय्यम साधनावरून घेतलेला संदर्भ मूळ साधनाच्या नावावर दाखविल्यास नकल ही स्वतंत्र साक्ष म्हणून नोंदली जाते आणि पुढील संशोधकाची फसगत होते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांकडून अनेक निबंधांचे एकत्रित सारांश क्षणार्धात तयार करून मिळतात. प्राथमिक शोधासाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल. परंतु त्यांतून मिळणारा मजकूर प्रायः वर वर्णन केलेल्या मिश्रणाच्या जातीचा असतो. तो प्रवाही असतो. कोणते विधान कोठून आले, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही आणि अस्तित्वातच नसलेले संदर्भ त्यात आल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून कोष्टकातील प्रत्येक चौकट मूळ साधन समोर ठेवूनच भरावी, या नियमाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

८. मर्यादा

संश्लेषणाचा आग्रह धरताना काही मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. प्रत्येक विधानासाठी अनेक साधने आवश्यक नसतात. एखाद्या शासननिर्णयाचा दिनांक सांगण्यास तो शासननिर्णय पुरेसा असतो. त्यासाठी पाच पुस्तकांचे दाखले देणे हे पांडित्याचे प्रदर्शन होईल. तसेच साधनांचे स्वातंत्र्य नेहमी निर्विवादपणे ठरविता येत नाही. लुप्त झालेले एखादे समान साधन दोघांच्याही मागे असू शकते. सुकथनकरांच्या तत्त्वालाही ही मर्यादा लागू होती व ती त्यांना ज्ञात होती. शिवाय लिखित साधनांचे एकमत ज्या समाजगटांनी लिखित साधने मागे ठेवली नाहीत, त्यांच्याविषयी मौन बाळगते. हे मौन साधनांच्या संख्येने भरून येत नाही. त्यासाठी मौखिक परंपरा, क्षेत्रीय पाहणी अशा वेगळ्या प्रकारच्या साधनांकडेच वळावे लागते.

९. निष्कर्ष

१) संश्लेषणाचा घटक प्रश्न असून, पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची रचना ग्रंथांनुसार न करता प्रश्नांनुसार करणे आवश्यक आहे.

२) साधनांची संख्या हा पुराव्याच्या बळाचा निकष नाही. साधनांचे परस्परस्वातंत्र्य, मूळ आधाराशी जवळीक व अंतर्गत सुसंगती हे निकष होत.

३) साधनाचे बलाबल संपूर्ण ग्रंथाचे न ठरविता त्यातील विशिष्ट विधानाचे ठरवावे.

४) मतभेदाचा प्रकार सांगितल्याशिवाय मतभेदाचा उल्लेख अपुरा राहतो.

५) स्वीकारलेल्या मताबरोबर न स्वीकारलेल्या मतांची व अनिश्चिततेची नोंद करणे ही संशोधकाची जबाबदारी आहे.

मार्गदर्शकांच्या दृष्टीने यातून एक साधी कसोटी मिळते. संशोधक विद्यार्थ्याने आढाव्याचे प्रकरण सादर केल्यावर त्यातील कोणत्याही परिच्छेदावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारावेत : या परिच्छेदातील तुमचे विधान कोणते? येथे दिलेल्या संदर्भांपैकी एकमेकांवर अवलंबून नसलेले किती? यांपैकी कोणते साधन खोटे ठरले, तर तुमचे विधान बदलेल? या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील, तर आढावा झाला आहे. मिळत नसतील, तर साम्याची टक्केवारी कितीही अल्प असली, तरी ते प्रकरण अद्याप लिहावयाचे आहे, असेच समजावे लागेल.